नॉर्थ ब्लॉकमधले चिंतामणराव

लोकसभेत २५ जुलै १९५६ रोजी देशाच्या अर्थमंत्र्यांनी एक निवेदन केले. त्यात कोणत्या नव्या कराचा उल्लेख नव्हता की तुटीचा आकडा नव्हता. सहा वर्षे ज्या खात्याचा कारभार सांभाळला, ते खाते आपण का सोडत आहोत, याचा खुलासा करण्यासाठी चिंतामण द्वारकानाथ देशमुख उभे राहिले होते. मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय त्यांना मान्य नव्हता. हा निर्णय ज्या पद्धतीने घेतला गेला, ती पद्धत तर त्याहून मान्य नव्हती. मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता पंतप्रधानांनी परस्पर घोषणा केली आणि मुंबईतील पोलिस गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करण्यास सरकारने नकार दिला, असा त्यांचा आक्षेप होता. पंडित नेहरूंनी तो आक्षेप सभागृहातच नाकारला. पण नेहरूंच्या मंत्रिमंडळातील एक ज्येष्ठ मंत्री त्यांच्या कार्यपद्धतीविषयी इतक्या स्पष्टपणे बोलतो, हे त्या काळी अपूर्वच होते.

देशमुख हे मुळात राजकारणी नव्हते. सत्याग्रह, तुरुंगवास, पक्षाची अधिवेशने यांपैकी काहीही त्यांच्या गाठीशी नव्हते. ब्रिटिशांच्या सनदी सेवेत मुरलेला, सर किताब मिळालेला, संस्कृत काव्यात रमणारा हा माणूस स्वतंत्र भारताच्या अर्थखात्याचा शिल्पकार ठरला आणि शेवटी एका प्रादेशिक अस्मितेच्या प्रश्नावर सत्ता सोडून बाहेर पडला. या दोन्ही गोष्टींचा मेळ घालायचा तर त्यांचा प्रवास मुळापासून पाहावा लागतो.

रायगड किल्ल्याच्या परिसरात, महाडजवळच्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी, ऐन मकरसंक्रांतीच्या सुमारास, त्यांचा जन्म झाला. वडील द्वारकानाथ हे रोह्याला वकिली करीत. कुलाबा जिल्ह्यातील हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंब सुशिक्षित होते, मात्र श्रीमंत म्हणावे असे नव्हते. कुंडलिका नदीकाठच्या त्या लहानशा गावातून निघालेला हा मुलगा १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतसाठीची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. मध्यमवर्गीय मराठी घरांत पुढची कित्येक वर्षे या यशाचा दाखला मुलांना दिला जात असे. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पहिले महायुद्ध सुरू असतानाच इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निवडले ते विषय म्हणजे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवून ते पदवीधर झाले. देशाचा पैसा पुढे ज्याच्या हाती यायचा होता, त्या माणसाने विद्यापीठात अभ्यास केला होता तो झाडापानांचा. बागकामाचा षोक मात्र त्यांना अखेरपर्यंत राहिला.

१९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले. नेमणूक झाली मध्य प्रांत व वऱ्हाडात. पुढची जवळपास वीस वर्षे नागपूर आणि त्या प्रांतातले जिल्हे हेच त्यांचे कार्यक्षेत्र होते. उपसचिव, डेप्युटी कमिशनर, सेटलमेंट ऑफिसर अशा पायऱ्या चढत ते प्रांताचे महसूल सचिव आणि अर्थसचिव झाले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे काम करणाऱ्या अधिकाऱ्याला शेत, पीक, पाऊस आणि कर्ज यांचा हिशेब गावोगाव फिरून मांडावा लागे. सरकारी तिजोरीत येणारा रुपया कोठून उगवतो, याचे ज्ञान देशमुखांना मिळाले ते तेथे. १९३५ च्या कायद्यानुसार केंद्र आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी करायची, हे ठरविण्यासाठी सर ऑटो निमेयर यांची चौकशी झाली. तिच्यासमोर मध्य प्रांताची बाजू मांडणारे टिपण देशमुखांनी तयार केले होते. प्रांत लहान आणि गरीब होता. टिपणाची मात्र दिल्लीत दखल घेतली गेली.

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत संपर्क अधिकारी म्हणून आले. अवघ्या तीन महिन्यांत ते मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले आणि १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले. बँकेचा कारभार देशमुखांकडे आला, पण पक्की नेमणूक होण्यास ऑगस्ट उजाडला. चलनाच्या किल्ल्या हिंदी माणसाच्या हाती द्याव्यात की नाही, याचा निर्णय ब्रिटिश सरकारला सहजासहजी होत नव्हता. ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली.

काळ अत्यंत कठीण होता. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. युद्धासाठी लागणारे कापड, तंबू, धान्य, पोलाद ब्रिटन भारतात खरेदी करीत होता आणि त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा करीत होता. त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे रुपयाच्या नोटा छापत होती. माल बाहेर जात होता, नोटा आत येत होत्या. परिणामी युद्धाच्या सहा वर्षांत चलन साधारण सहा पटींवर गेले आणि भाव गगनाला भिडले. भारत एकेकाळी ब्रिटनचा देणेकरी होता, तो आता सावकार झाला. हे स्टर्लिंग येणे १९४६ पर्यंत १,७०० कोटी रुपयांच्या आसपास पोहोचले. पण हा सावकार उपाशी होता आणि त्याचे येणे कर्जदाराच्याच पेढीत अडकून पडले होते.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तेथे घातला गेला. भारताच्या शिष्टमंडळाचे नेते अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते. सदस्यांत देशमुख, सर षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि सर थिओडोर ग्रेगरी यांचा समावेश होता. पारतंत्र्यातील देशाच्या या प्रतिनिधींनी तेथे दोन मुद्दे धसास लावण्याचा प्रयत्न केला. स्टर्लिंग येणे मोकळे करण्याची काही तरी सोय नाणेनिधीत असावी, हा एक. आणि मागासलेल्या देशांच्या विकासाचा विचार या नव्या संस्थांनी करावा, हा दुसरा. पहिला मुद्दा परिषदेने फेटाळला. ब्रिटनच्या वतीने जॉन मेनार्ड केन्स यांनी हा प्रश्न दोन देशांनी आपसात सोडवावा, अशी भूमिका घेतली. मात्र निधीतील भारताचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला. रशिया निधीत सामील झाला नाही आणि भारत पहिल्या पाच देशांत येऊन कार्यकारी मंडळावरील हक्काच्या जागेचा मानकरी झाला. स्वातंत्र्य मिळण्याच्या तीन वर्षे आधी पदरात पडलेले हे स्थान पुढे फार उपयोगी ठरले. १९५० मध्ये पॅरिसला या दोन्ही संस्थांच्या वार्षिक सभेचे अध्यक्षपद देशमुखांकडेच आले.

फाळणीच्या वेळी देशाबरोबर चलनाचीही वाटणी करावी लागली. पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. तेव्हा काही काळ रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांची बँक म्हणून काम करावे, असे ठरले. सीमेवर रक्तपात चालू असताना, काश्मीरमध्ये दोन्ही देशांच्या फौजा समोरासमोर असताना, मुंबईतील एकच बँक दोन्ही सरकारांचे पैसे सांभाळत होती. पाकिस्तानचा शिक्का मारून त्या देशात वापरलेल्या नोटांवर सही होती ती चिंतामणराव देशमुखांची. इतिहासात असे विचित्र प्रसंग क्वचितच येतात. रोख शिल्लकेतील ५५ कोटी रुपये पाकिस्तानला द्यायचे की रोखायचे, यावरून जानेवारी १९४८ मध्ये जे वादळ उठले, त्याचे चटके बँकेलाही बसले. अखेर ३० जून १९४८ रोजी ही दुहेरी जबाबदारी संपली. १ जानेवारी १९४९ पासून रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली आणि त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांचा कायदा आला. ३० जून १९४९ रोजी देशमुखांची गव्हर्नरपदाची मुदत पूर्ण झाली. त्याच वर्षी त्यांच्या इंग्रज पत्नी रोझिना यांचे निधन झाले. एकोणतीस वर्षांचा संसार संपला होता. एकुलती एक मुलगी इंग्लंडमध्ये होती. निवृत्त होऊन बागकाम आणि संस्कृत ग्रंथ यांत रमावे, असे हे वळण होते.

नेहरूंनी तसे होऊ दिले नाही. प्रथम त्यांना भारताचे खास आर्थिक प्रतिनिधी म्हणून अमेरिका आणि युरोपमध्ये पाठविण्यात आले. अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज मिळविण्याची प्राथमिक बोलणी त्यांनी केली. नंतर नियोजन मंडळाच्या उभारणीचे काम त्यांच्याकडे आले आणि मार्च १९५० मध्ये मंडळ स्थापन होताच ते त्याचे सदस्य झाले. याच मंडळावरून अर्थखात्यात ठिणगी पडली.

अर्थखाते हे भारत सरकारच्या सर्वांत जुन्या खात्यांपैकी एक. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात त्याची सुरुवात झाली. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीची व्यवस्था लावण्यासाठी जेम्स विल्सन यांना इंग्लंडहून आणण्यात आले आणि त्यांनी ७ एप्रिल १८६० रोजी देशाचा पहिला अर्थसंकल्प मांडला. पैसा गोळा करायचा, इतर खात्यांच्या खर्चाला कात्री लावायची आणि लंडनला जाणारी रक्कम वेळेवर पोहोचेल याची काळजी घ्यायची, ही या खात्याची पिढीजात शिकवण. नकार देणे हाच तेथल्या अधिकाऱ्याचा मोठा गुण समजला जाई. स्वातंत्र्यानंतर षण्मुखम चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ रोजी पहिला अर्थसंकल्प मांडला, पण वर्षभरातच त्यांना जावे लागले. त्यांच्यानंतर आलेले डॉ. जॉन मथाई हे अर्थशास्त्राचे जाणकार आणि टाटा उद्योगसमूहातून आलेले. नियोजन मंडळ म्हणजे समांतर मंत्रिमंडळच होईल आणि खर्चावरील अर्थखात्याचा अंकुश ढिला पडेल, अशी त्यांची भीती होती. त्याच मुद्यावर त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी अर्थसंकल्पातील काही भाग आधीच फुटला होता. त्यामुळे छपाई राष्ट्रपती भवनातून मिंटो रोडवरील छापखान्यात हलवावी लागली. थोडक्यात, खात्याची घडी विस्कटलेली होती. अशा वेळी जून १९५० च्या आरंभी देशमुखांनी अर्थमंत्रिपदाची सूत्रे घेतली.

मथाईंच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. दोन सत्ताकेंद्रे निर्माण होण्याचा धोका खराच होता. देशमुखांनी त्यावर काढलेला मार्ग साधा होता. ते स्वतःच अर्थमंत्रीही राहिले आणि नियोजन मंडळाचे सदस्यही. योजना आखणारा आणि तिजोरी सांभाळणारा माणूस एकच असेल, तर दोघांत भांडण होण्याचा प्रश्न उरत नाही. पुढच्या अर्थमंत्र्यांनीही हीच प्रथा पाळली. हे नाते नियोजन मंडळ गुंडाळले जाईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, कमीअधिक फरकाने टिकले.

त्यांनी खाते घेतले त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटले. तागापासून कापसापर्यंत सर्व मालाचे भाव भडकले. आदल्या वर्षी रुपयाचे अवमूल्यन होऊन तो ३० सेंटवरून २१ सेंटवर आला होता. पाकिस्तानने मात्र आपला रुपया तसाच ठेवला होता. परिणामी दोन्ही देशांतील व्यापार ठप्प झाला होता आणि कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना पूर्व बंगालचा कच्चा माल मिळेनासा झाला होता. त्यात धान्याची टंचाई. १९५१ मध्ये अमेरिकेने गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेव्हा कोठे थोडा श्वास घेता आला. देशमुखांचा स्वभाव सावध होता. नोव्हेंबर १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकदर तीन टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांवर नेला; १९३५ नंतर दर वाढण्याची ही पहिलीच वेळ. १९५२ च्या वसंतात भाव कोसळले. व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, पण अर्थमंत्री डळमळले नाहीत.

पहिली पंचवार्षिक योजना अंतिम स्वरूपात २,०६९ कोटी रुपयांची होती. आजच्या आकड्यांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ वाटते. तिचा भर शेती, पाटबंधारे आणि वीज यांवर होता. पाऊसपाण्याने साथ दिली हे खरे. तथापि पाच वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १८ टक्क्यांनी वाढले आणि घाऊक भाव आरंभीच्या पातळीपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी खाली आले. योजना पूर्ण होताना महागाई घटलेली असणे हा योग पुढच्या कोणत्याही योजनेच्या वाट्याला आला नाही.

या यशाच्या मागे एक शांत काम चालू होते. देशात किती उत्पन्न होते, खेड्यातले कुटुंब कशावर किती खर्च करते, याची भरवशाची आकडेवारीच सरकारकडे नव्हती. देशमुख १९४५ पासून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा चांगला संवाद होता. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, ती अर्थखात्याच्याच छत्राखाली. घरोघर जाऊन प्रश्न विचारणारे प्रगणक देशभर फिरू लागले. दारिद्र्यरेषेवरचे जे वाद पुढे रंगले, त्यांचा कच्चा माल या पाहणीतून येत राहिला.

अर्थखात्याची नकार देण्याची परंपरा या काळात हळूहळू बदलत गेली. खाते आता संस्था उभारू लागले. घटनेनुसार पहिला वित्त आयोग १९५१ मध्ये नेमला गेला. केंद्र आणि राज्ये यांच्यातील वाटणीचा जो प्रश्न देशमुखांनी नागपूरला बसून सोडवू पाहिला होता, तो आता दिल्लीत त्यांच्याच खात्यासमोर होता. करपद्धतीची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद १९५३ मध्ये देण्यात आले ते जॉन मथाई यांना. ज्यांच्याशी मतभेद झाले त्यांच्या विद्वत्तेचा उपयोग करून घेण्यात कोणालाच संकोच वाटला नाही. त्याच वर्षी मृत्युकर लागू झाला. गर्भश्रीमंतांचा रोष ओढवून घेणारा हा कर १९८५ पर्यंत टिकला. १९५५-५६ पासून अर्थसंकल्पाची कागदपत्रे हिंदीतही छापली जाऊ लागली. आणे-पैंची गुंतागुंत संपवून रुपयाचे शंभर भाग करण्याचा कायदा १९५५ मध्येच झाला. नवे पैसे बाजारात आले ते १ एप्रिल १९५७ रोजी, देशमुख पायउतार झाल्यावर. नवा कंपनी कायदा १९५६ चा.

या साऱ्यांत दोन निर्णय सामान्य माणसाच्या थेट जवळ पोहोचले. ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीने खेड्यापाड्यांत जाईल अशी सरकारी व्यापारी बँक हवी, असे सुचविले होते. त्याप्रमाणे इंपीरियल बँक ताब्यात घेऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया स्थापन झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची अट कायद्यातच घालण्यात आली. साहेबांच्या आणि बड्या व्यापाऱ्यांच्या या बँकेला तालुक्याच्या गावाची वाट धरावी लागली.

दुसरा निर्णय आयुर्विम्याचा. त्या वेळी देशात आयुर्विम्याचा व्यवसाय करणाऱ्या दीडशेहून अधिक भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट संस्था होत्या. त्यांतल्या काही नामांकित होत्या. पण काहींच्या चालकांनी विमेदारांचा पैसा स्वतःच्या उद्योगांत फिरविला होता. दहा वर्षांत पंचवीसएक कंपन्यांचे दिवाळे वाजले आणि तेवढ्याच कंपन्यांना आपला व्यवसाय दुसऱ्यांच्या गळ्यात घालावा लागला. बुडत होता तो विधवांचा आणि पोरक्या मुलांचा पैसा. सगळे राष्ट्रीयीकरण गुप्ततेवर अवलंबून होते. बातमी फुटली असती तर हिशेबाच्या वह्या आणि रोखे एका रात्रीत नाहीसे झाले असते. मोजक्या अधिकाऱ्यांनी अध्यादेशाचा मसुदा तयार केला आणि १९ जानेवारी १९५६ च्या रात्री देशमुखांनी आकाशवाणीवरून निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळाचे काम सुरू झाले. उद्योगपतींना हा माणूस आपल्यातला, सनातनी विचारांचा वाटत होता. त्यानेच ही कुऱ्हाड चालवावी, याचे त्यांना आश्चर्य वाटले.

या तारखेजवळ क्षणभर थांबायला हवे. तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला, पंडित नेहरूंनी त्याच आकाशवाणीवरून राज्यपुनर्रचनेचा निर्णय जाहीर केला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नव्हती. ती केंद्रशासित होणार होती. शहर पेटले. गिरणगावात, गिरगावात, दादर-परळमध्ये लोक रस्त्यावर आले. संचारबंदी, लाठीमार, अश्रुधूर आणि गोळीबार यांनी तो आठवडा भरून गेला. मोरारजी देसाई यांच्या सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांची यादी रोज लांबत होती. विमा कंपन्यांची मुख्य कार्यालयेही बहुसंख्येने याच शहरात. एकीकडे फोर्टमधील कचेऱ्यांत सरकारी अधिकारी कंपन्यांचा ताबा घेत होते आणि दुसरीकडे काही मैलांवर गोळ्या झाडल्या जात होत्या. अर्थमंत्री दिल्लीत बसून दोन्ही बातम्या ऐकत होते. आयुष्यातील बहुधा सर्वांत धाडसी निर्णय ज्या आठवड्यात अमलात आला, त्याच आठवड्यात आपण या सरकारात राहू नये, असे त्यांना वाटू लागले. जानेवारीतच त्यांनी राजीनामा देऊ केला.

१९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले होते. मुंबईच्या गिरण्यांत घाम गाळणारे कोकणातले चाकरमानी हेच त्यांच्या मतदारांचे भाऊबंद आणि मुलगे. तरीही केवळ मतदारांच्या दडपणाखाली त्यांनी हे पाऊल उचलले, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. पुन्हा निवडून येण्याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. नियमाने चालणाऱ्या सनदी अधिकाऱ्याला बोचली ती निर्णयाची रीत. ज्या मंत्रिमंडळाच्या सामूहिक जबाबदारीत आपण भागीदार आहोत, त्याच्या नकळत इतका मोठा निर्णय होतो आणि माणसे मेल्यावर त्याची चौकशीही होत नाही, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात बसत नव्हती.

राजीनामा लगेच स्वीकारला गेला नाही. २९ फेब्रुवारीला, मनाने जवळजवळ बाहेर पडलेल्या देशमुखांनी १९५६-५७ चा अर्थसंकल्प नेहमीच्या काटेकोरपणे मांडला. ४,८०० कोटींच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे काम पूर्णत्वास नेले. विम्याचे विधेयक संसदेत लढविले. महाराष्ट्रात या काळात त्यांच्यावर टीकाही कमी झाली नाही. लोक मरत असताना हा मराठी मंत्री खुर्चीला चिकटून कसा, असा सवाल चळवळीतले लोक करीत होते. आत चाललेल्या पत्रव्यवहाराची बाहेर कोणाला कल्पना नव्हती, आणि खात्यातील कामे अर्धवट टाकून त्याचा डांगोरा पिटणे देशमुखांना पसंत नव्हते. जूनमध्ये मुंबई केंद्रशासितच राहील, असे नेहरूंनी पुन्हा जाहीर केले आणि मग माघारीचा मार्ग उरला नाही.

जुलैमधील त्या निवेदनाने महाराष्ट्राचा सूर पालटला. कालपर्यंत ज्यांना जाब विचारला जात होता, त्यांना लोक महाराष्ट्राचा कंठमणी म्हणू लागले. गंमत अशी की, त्यानंतर दोनतीन आठवड्यांतच केंद्रशासित मुंबईचा बेत सरकारने स्वतःच सोडून दिला आणि मोठ्या द्विभाषिक मुंबई राज्याचा तोडगा संसदेत मंजूर झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी १ मे १९६० ची वाट पाहावी लागली. ज्या कारणासाठी त्यांनी पद सोडले, ते कारण महिन्याभरात बदलले होते. म्हणून देशमुख परत फिरले नाहीत आणि कोणी त्यांना बोलावलेही नाही. ऑगस्टच्या अखेरीस टी. टी. कृष्णमाचारी अर्थमंत्री झाले. दीड वर्षात त्याच आयुर्विमा महामंडळाच्या पैशांवरून मुंदडा प्रकरण उद्भवले आणि कृष्णमाचारींनाही जावे लागले.

पदाबाहेरची सव्वीस वर्षे देशमुखांनी शिक्षण आणि संस्था यांच्या कामात घालविली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी १९६१ पर्यंत सांभाळले आणि १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही त्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली वास्तू. १९५९ मध्ये त्यांना शासकीय सेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास सत्तास्थानांवरील भ्रष्टाचाराची चौकशी करण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, अशी जाहीर मागणी त्यांनी केली. नेहरूंना ती रुचली नाही. पुढे लोकपालाची कल्पना कितीतरी वर्षे चर्चेत राहिली, तेव्हा या जुन्या मागणीची आठवण फारच थोड्यांना होती.

त्यांच्या खासगी आयुष्याला २२ जानेवारी १९५३ रोजी नवे वळण मिळाले होते. आंध्रातील स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीच्या सदस्य आणि नियोजन मंडळातील सहकारी दुर्गाबाई यांच्याशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. साक्षीदारांत नेहरू होते. राजीनाम्याच्या वेळचा कडवटपणा लक्षात घेता या नोंदीकडे दुर्लक्ष करता येत नाही. दोघांचे संबंध नुसते मंत्रिमंडळापुरते नव्हते. १९७५ मध्ये पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक हे त्यांच्या आयुष्यातील काहीसे अवघडलेले पान आहे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना उभे केले. लढत खरी होती ती व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात, म्हणजे काँग्रेसमधल्याच दोन तटांत. देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली आणि ते तिसरे आले. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. दुसऱ्या पसंतीच्या मोजणीनंतर गिरी निवडून आले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ज्यांनी राष्ट्रीयीकरणाचे दोन मोठे निर्णय घेतले, त्यांनी खासगी उद्योगाच्या पुरस्कर्त्या पक्षाचा उमेदवार व्हावे, हे अनेकांना पटले नाही. त्यांचे स्वतःचे अर्थविषयक मत मात्र कोणत्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात पुरते मावणारे नव्हते.

संस्कृत त्यांनी कधीच सोडले नाही. कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनी केला तो रिझर्व्ह बँकेच्या धामधुमीच्या काळात. त्यांच्या संस्कृत कवितांचा संग्रह निघाला, महात्मा गांधींची सुवचने त्यांनी संस्कृतात आणली आणि अगदी उतारवयात अमरकोशावर काम केले. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. शेवटची वर्षे हैदराबादला गेली. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावांचे हैदराबाद येथेच निधन झाले. रिझर्व्ह बँकेने १९८४ पासून त्यांच्या नावाची व्याख्यानमाला सुरू केली. ठाण्यात महापालिकेने १९८७ मध्ये सनदी परीक्षांची तयारी करून घेणारी संस्था काढली, तिलाही त्यांचेच नाव दिले. रोह्याच्या महाविद्यालयावरही ते नाव आहे. तेथे शिकविला जातो तो विषय वाणिज्य.